पहिल्या पंगतीचं प्लगइन

"सीमंतिनी, माझी पुरणपोळी उघडत नाहीये," उषाताई फोनवर म्हणाल्या.

सीमंतिनी सिटी सेंटरमधल्या आपल्या ऑफिसात मीटिंगला बसली होती. पुरणपोळी न उघडणं हे मीटिंगमधून उठायला पुरेसं कारण आहे का, याचा तिनं क्षणभर विचार केला आणि ती उठली.

"कधीपासून उघडत नाहीये?" तिनं जिन्यात येऊन विचारलं.

"सकाळपासून बघ. डाळ शिजली, चाळणीत उपसली, गूळ पण चिरून ठेवला. आता जायफळ किती ते पाहावं म्हणून तुझा कोश उघडला, तर नुसती चकरी फिरून राहिली आहे. परेशान झाले मी तर."

"पण उषाताई, ती कृती तुम्हीच लिहिली आहे ना?"

"लिहिली म्हणूनच तर विसरले! लिहून ठेवलेलं कोणी लक्षात ठेवतं का?"

जायफळ अंदाजानं घाला, मी संध्याकाळी येते, असं सांगून सीमंतिनीनं फोन ठेवला.

कोश म्हणजे ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या दक्षिणी स्नेहवर्धक मंडळाचा 'मंडळकोश'. तो होता विकी, म्हणजे मंडळाच्या कोणत्याही सभासदानं लिहावं आणि दुसऱ्या कोणत्याही सभासदानं ते दुरुस्त करावं, अशी वेबसाइट. दोन वर्षांचे रविवार घालून सीमंतिनीनं ती एकटीनं उभी केली होती. कोणाचे पणजोबा कुठल्या पलटणीत होते, कोणाच्या घरी महालक्ष्म्यांना कोणत्या भाज्या लागतात, मंगळागौरीला लष्कर भागातल्या बायका काय काय गायच्या, हे सगळं म्हाताऱ्या माणसांनी एका बोटानं टाइप करून त्यात घातलं होतं. भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि शुद्धलेखन ज्याच्या त्याच्या घरचं. पण सीमंतिनीचा त्या कोशावर जीव होता. आपल्या आजीच्या पिढीची इतकी माणसं बोलताना आपल्याला दुसरीकडे कुठं ऐकायला मिळणार, असं ती म्हणायची.

कोशाला दृष्ट लागली ती मानपानाची. ग्वाल्हेरला दक्षिणेतून आलेली मराठी घराणी दोन प्रकारची. काही तलवारी घेऊन आली, काही लेखण्या आणि पोथ्या घेऊन. पुढे तलवारी भिंतीवर गेल्या, दफ्तरं वाळवीनं खाल्ली, नातवंडं बँकेत नाहीतर पुण्याला लागली. मान तेवढा दोघांचाही शाबूत राहिला. मंडळात कुठंही चार नावं एकाखाली एक लिहायची वेळ आली की आधी कोण आणि मग कोण यावरून जुंपायची. काही वर्षांपूर्वी कोजागिरीला आभाराच्या पाटीवर एका कुटुंबाचं नाव तिसरं आलं. तेव्हापासून ते कुटुंब कोजागिरीला येतं, पण दूध पीत नाही.

शेवटी टोपी बाजारात कागदाचं ठोक दुकान चालवणारे सचिव महिपतराव म्हणाले, "कॉम्प्युटरलाच ठरवू दे. कॉम्प्युटरला नातेवाईक नसतात."

हे सगळ्यांना पटलं आणि काम सीमंतिनीच्या गळ्यात पडलं. कोशात कुठंही नावांची यादी आली की ती आपोआप मानाच्या क्रमानं लागावी, असं एक प्लगइन, म्हणजे विकीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, तिनं लिहिलं. नियम सोपा होता, वयानं मोठा तो आधी. अडचण एवढीच की मूळ विकी ज्या जुन्या भाषेत लिहिला होता, ती तिला येत नव्हती. म्हणून तिनं प्लगइन वेगळं, बाहेर ठेवलं. विकी जणू एका खोलीत, प्लगइन दुसऱ्या खोलीत आणि काही विचारायचं झालं की मधून निरोप जायचा. विकीच्या माहितीपुस्तकात शेवटी एक परिच्छेद होता: बाहेरचं प्लगइन लिहिणाऱ्यांनी वेगाचा विचार करावा, प्रत्येक निरोपाला वेळ लागतो. सीमंतिनीनं तो वाचला नव्हता. माहितीपुस्तक शेवटपर्यंत वाचणारा प्रोग्रॅमर अजून जन्माला यायचा आहे.

तिच्या लॅपटॉपवर सहा नावांची यादी झटक्यात लागली होती. मंडळाच्या कचेरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र अख्खा कोश होता. संध्याकाळी उषाताईंच्या स्वयंपाकघरात बसून तिनं पाहिलं, तेव्हा तिला पुरणपोळीचं दुखणं कळलं. उषाताईंनी पानाच्या शेवटी ज्या ज्या बाईनं टीप दिली तिचं नाव घेऊन आभार मानले होते. ती नावं पाहताच प्लगइन मानाचा क्रम लावायला धावलं. त्यानं प्रत्येकीचं वय विचारलं. मंडळातल्या एकाही बाईनं आपल्या पानावर वय लिहिलेलं नव्हतं. उत्तर आलं नाही की पुन्हा विचार, असं सीमंतिनीनंच त्याला शिकवलं होतं. ते बिचारं सकाळपासून बायकांना वय विचारत उभं होतं.

"आणि विचारतं तरी कसं," सीमंतिनी कपाळावर हात मारून म्हणाली, "एकीचं विचारतं, निरोप घेऊन परत येतं. दुसरीचं विचारायला परत जातं. मग पहिलीशी तुलना करायला पहिलीचं वय पुन्हा विचारायला जातं."

उषाताई पोळी लाटायच्या थांबल्या. "मतलब हे तुझं प्लगइन टोपी बाजारात सामान आणायला जातं, जिरं घेऊन घरी येतं, मग मोहरी आणायला परत जातं?"

"हो."

"आणि घरी आल्यावर जिरं किती आणलं ते विसरतं?"

"हो."

"आणि तू इंजिनीयर आहेस ना गं?"

सीमंतिनीनं तिथंच, पोळी खाता खाता, प्लगइन बदललं. सगळ्यांची माहिती एकदाच मागायची, ती जवळ ठेवायची आणि ज्याचं उत्तर नाही त्याच्या मागे लागायचं नाही. कोश पुन्हा पळायला लागला. पुरणपोळी बोट लावताच उघडली. उषाताईंनी जायफळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्या, मी तर दुप्पट घातलं." त्या रात्री उषाताईंच्या घरातली माणसं फार लवकर आणि फार गाढ झोपली.

गोष्ट इथं संपली असती. पण पानं आता इतक्या पटकन उघडू लागली, की सभासद ती वाचायला लागले. आणि वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपला मान आपल्या पानावरच्या वयावरून ठरतो आणि ते पान आपल्यालाच दुरुस्त करता येतं.

मंडळातले पुरुष भराभर म्हातारे होऊ लागले. कोणी जन्मतारखेत शाळेत चुकीनं नोंदवलेलं वर्ष सुधारलं. कोणी तिथीप्रमाणे हिशेब केला. दोन सख्खे भाऊ चुरशीनं इतके वाढले की आपल्या वडिलांच्या जवळ जाऊन पोहोचले. प्रत्येक दुरुस्तीबरोबर प्लगइननं जपून ठेवलेली माहिती जुनी व्हायची. मग महिपतरावांचा फोन यायचा.

"सीमंतिनी, मी काल माझं वय ठीक केलं. आज पण जुनंच दाखवून राहिलंय."

"काका, ते रात्री एकदा ताजं होतं."

"रात्री कशाला? ज्याचा मान त्याला त्याच वेळी मिळाला पाहिजे ना. शिळं नाही चालणार."

कार्यकारिणीनं तसा ठरावच केला. प्लगइननं दर वेळी, प्रत्येक माणसाबद्दल, ताजं विचारायचं. निवृत्त वकील मधुसूदनराव त्यात आणखी म्हणाले, "आणि नुसते शेजारी शेजारी तपासू नकोस, बेटा. यादीतल्या कोणत्याही दोन माणसांत अन्याय राहता कामा नये. एक अन्याय दूर केला की पुन्हा पहिल्यापासून बघायचं." सीमंतिनीनं हात जोडून सांगितलं की असं केलं तर कोश पुन्हा गोगलगाय होईल. मधुसूदनराव म्हणाले की न्यायाला वेळ लागतोच आणि ते चाळीस वर्षं त्याच वेळावर जगले आहेत.

त्याच बैठकीत सोनिका उठली. सोनिका म्हणजे मंडळाचे सगळ्यात वृद्ध सभासद, निवृत्त सुभेदार सदाशिवराव, यांची मुलगी. तिचे यजमान दिग्विजयसिंह तिच्या शेजारी नम्रपणे मोबाइल पाहत बसले होते.

"एक बात मला समजत नाही," सोनिका म्हणाली. "वर्धापनदिनाच्या पहिल्या पंगतीत हे बाबांच्या मागे बसणार? जावई आहेत ते. आपल्यात जावयाचा मान सासऱ्याच्या आधी असतो की नाही?"

सगळ्यांनी सदाशिवरावांकडे पाहिलं. सदाशिवराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "असतो. बिलकुल असतो. मी स्वतः माझ्या सासऱ्यांच्या आधी जेवलो आहे." नियम तिथल्या तिथं मंजूर झाला: जावई सासऱ्याच्या आधी. सीमंतिनीनं तो प्लगइनमध्ये घातला. तिनं एवढंच पाहिलं, की पहिल्या पंगतीच्या यादीत सासरा-जावई अशी ही एकच जोडी आहे. एका जोडीनं काय बिघडणार, असं तिला वाटलं.

बैठक संपता संपता महिपतराव खाकरले. "आणखी एक विषय. वर्धापनदिनाला जेवणानंतर सर्वसाधारण सभा आहे. त्यात मी ठराव आणणार आहे. पहिल्या पंगतीचा क्रम तुझ्या कोशानं सगळ्यांसमोर पडद्यावर लावून दाखवायचा. आधी लावून आणायचा नाही, लोक म्हणतील घरी ठरवून आणला. लावला, तर कोश राहील. अडकला, तर कोश बंद करू आणि सरळ व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढू. मी अॅडमिन होतो."

महिपतरावांचे व्हॉट्सअॅपवरचे आत्ताचे संदेश सीमंतिनीनं पाहिले होते. गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. त्या फुलांच्या ढिगाखाली मंगळागौरीची गाणी आणि पलटणीतले पणजोबा कायमचे गाडले जाणार होते. आणि हे सगळं लिहून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पुन्हा लिहायला ना डोळे होते, ना वेळ.

वर्धापनदिन उजाडला. दौलतगंजातल्या मंडळाच्या सभागृहात लांब टेबलं एका सरळ ओळीत लावली होती. मागच्या स्वयंपाकघरात उषाताई सेनापतीसारख्या कंबर कसून उभ्या होत्या. मसालेभात उतरला होता, अळूवड्या तळून झाल्या होत्या, श्रीखंड फ्रिजमधून काढून वाट्यांत भरलं होतं. क्रम लागला की पहिली पंगत बसणार, ती बसली की पुऱ्या कढईत पडणार, असा सगळा बेत होता.

सीमंतिनीनं देवाचं नाव घेऊन पान उघडलं. पडद्यावर पहिल्या पंगतीची नावं आली आणि हळूहळू वरखाली सरकू लागली. प्रत्येक सरकण्याआधी प्लगइन विकीला विचारायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा विचारायचं. लोक आधी कौतुकानं पाहत होते. खालची नावं एकेक करून आपापल्या जागी बसली. महिपतरावांचं नावही मधे कुठंतरी स्थिर झालं. बरेच म्हातारे होऊनही त्यांना मधलीच जागा मिळाली, कारण बाकीचे जास्त म्हातारे झाले होते.

वरच्या तीन नावांचं मात्र काही जमेना.

आधी सदाशिवराव पहिले आले, मग मधुसूदनराव, मग दिग्विजयसिंह. वयाप्रमाणे हे बरोबर होतं. सदाशिवरावांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. प्लगइननं थोडा विचार केला. त्याला दिसलं की जावई सासऱ्याच्या मागे आहे. त्यानं दिग्विजयसिंहांना उचलून सगळ्यात वर ठेवलं. सोनिकानं टाळी वाजवली. प्लगइननं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. आता मधुसूदनराव आपल्यापेक्षा लहान असलेल्या दिग्विजयसिंहांच्या मागे होते. अन्याय! मधुसूदनराव वर आले. आता सदाशिवराव आपल्यापेक्षा लहान असलेल्या मधुसूदनरावांच्या मागे पडले. सदाशिवराव वर आले. आता जावई सासऱ्याच्या मागे.

"अरे, फिरसे पहिल्यापासून!" मागून एक तरुण ओरडला.

थोड्या वेळानं सभागृहाला निवडणुकीच्या मतमोजणीचा रंग चढला. "वकीलसाहेब आगे!" "सुभेदार, सुभेदार!" "जावईबापू परत वर गेले!" तिघांपैकी जो वर जाई तो कोट सावरून टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे निघे आणि पोहोचायच्या आत परत बोलावला जाई. श्रीखंडाच्या वाट्यांवर पाणी सुटायला लागलं. लहान मुलांनी अळूवड्यांच्या परातीभोवती वेढा घातला. स्वयंपाकघराच्या दारातून उषाताईंचा आवाज आला, "अगं, पुऱ्या टाकू की नको? तेल जळून राहिलंय!"

महिपतरावांनी माइक हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो फारसा जमला नाही.

"सभासदहो, मशीन अडकलं आहे. मला कोणाला दोष नाही द्यायचा. मुलगी मेहनती आहे. पण असं आहे, की ठराव जेवणानंतर घ्यायचा होता, तो आपण जेवणाआधीच घेऊन टाकू. ज्यांना कोश बंद करावा असं वाटतं..."

पोट रिकामं असलेल्या माणसाचा हात फार लवकर वर जातो. पाचपंचवीस हात अर्ध्यावर आलेसुद्धा. दोन वर्षांचे रविवार तीन माणसांच्या खुर्चीखाली चिरडले जात होते. सीमंतिनीला भयंकर राग आला. आधी प्लगइनचा आला, मग स्वतःचा आणि मग, पडद्यावर ती तीन नावं पुन्हा एकदा फिरताना पाहून, दोघांवरचाही गेला. कारण प्लगइन अडकलं नव्हतं. ते अगदी बरोबर उत्तर देत होतं आणि पुन्हा पुन्हा देत होतं. फक्त ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

तिनं महिपतरावांच्या हातातला माइक घेतला. मागितला नाही, घेतला.

"सदाशिवआजोबा, तुमचा मान मधुसूदनकाकांच्या आधी ना?"

"अलबत!" सदाशिवराव म्हणाले.

"मधुसूदनकाका, तुमचा मान दिग्विजयदादांच्या आधी?"

"त्यात शंका कसली? मी त्याच्या मुंजीला... म्हणजे त्याच्या बारशाला होतो."

"दिग्विजयदादा, तुमचा मान तुमच्या सासऱ्यांच्या आधी?"

दिग्विजयसिंहांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. त्यांच्या आधी सोनिकाच म्हणाली, "नियमच आहे! सगळ्यांनी मंजूर केलाय."

"मग तिघांचंही बरोबर आहे," सीमंतिनी म्हणाली. "आजोबा काकांच्या आधी, काका दादांच्या आधी, दादा आजोबांच्या आधी. कोश हेच तर सांगून राहिलाय केव्हापासून. कोशाची गलती नाही. गलती टेबलांची आहे. तुम्ही टेबलं सरळ का लावली?"

कोणीतरी टेबलांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच काही केलं होतं.

"टेबलं गोल लावा," सीमंतिनी म्हणाली. "मोठं कडं करा. गोलात टोक नसतं. आजोबांच्या डाव्या हाताला काका, काकांच्या डाव्या हाताला दादा आणि मग सगळे करत करत परत आजोबा. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी आहे. ज्याला मागे कोणीच नाही असा एक माणूस दाखवा, मी कोश आत्ता बंद करते."

मधुसूदनरावांनी तर्जनी वर करून मनातल्या मनात ते कडं एकदा पूर्ण फिरून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं फिरून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी कायद्यातल्या पळवाटा शोधल्या होत्या. या कड्यात त्यांना एकही सापडली नाही.

"युक्तिवाद निर्दोष आहे," ते म्हणाले.

"म्हणजे जावई माझ्या आधी आणि मी वकिलांच्या आधी?" सदाशिवरावांनी खात्री करून घेतली.

"होय, आजोबा. तुमच्या मागे थेट वकील."

"मग उचला टेबलं!" सदाशिवराव पलटणीतल्या आवाजात गरजले.

टेबलं सरकली, खुर्च्या खरडल्या, सभागृहाच्या मधोमध भलंमोठं कडं तयार झालं. त्या गडबडीत सीमंतिनी हळूच लॅपटॉपशी आली. सरकणारी नावं पाहायला आता कोणाला वेळ नव्हता. तिनं प्लगइन बंद केलं. नुसतं थांबवलं नाही, काढूनच टाकलं. नावांची यादी ज्या क्रमानं कोणी लिहिली होती, त्याच क्रमानं मुकाट पडद्यावर आली.

उषाताई पुऱ्यांची परात घेऊन आल्या आणि कड्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "सुरुवात कुठून करू?" असं विचारायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि ज्याच्या ताटासमोर थांबल्या, तिथून पुऱ्या टाकायला सुरुवात केली. मधे उभं राहिलं की कोणतंही ताट चार पावलांवर. दर पुरीला स्वयंपाकघरात जायला नको, टेबलांच्या लांबच लांब ओळीला फेऱ्या घालायला नकोत. इतक्या वर्षांत प्रथमच मंडळातल्या पहिल्या पंगतीला गरम पुरी मिळाली. सदाशिवरावांनी जावयाला आग्रह करून श्रीखंड वाढायला लावलं, मधुसूदनरावांनी मठ्ठा तीनदा मागून घेतला आणि त्या कोजागिरीपासून रुसलेलं कुटुंब आपल्या मागे कोण बसलंय ते पाहून पोटभर जेवलं.

जेवण झाल्यावर महिपतरावांना सभा घेणं भागच होतं. पण तृप्त माणसांपुढे वाईट ठराव मांडायला फार मोठं धैर्य लागतं आणि महिपतरावही दोन वाट्या श्रीखंड खाऊन बसले होते.

"सभासदहो," ते म्हणाले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, की क्रम सगळ्यांसमोरच लागला पाहिजे. बघा, काय सुंदर लागला! आता एक शेवटची परीक्षा. कोणतंही एक पान सांगा."

"मंगळागौरीची गाणी!" बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं.

महिपतरावांनी स्वतः बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पान उघडलं. त्यांनी चकित होऊन दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. पलटणीतले पणजोबा, अळूची भाजी, गौरीचा नैवेद्य, एकापाठोपाठ एक, जणू दाराआडच उभे होते.

"वा! याला म्हणतात स्पीड!" महिपतराव माइकमध्ये ओरडले. "काय प्लगइन लिहिलंय मुलीनं! आधी अटकत होतं, आता बघा. मी प्रस्ताव मांडतो, की मंडळकोश कायम चालू राहावा आणि हे प्लगइन कोणीही, कधीही, बिलकुल बदलू नये!"

सगळे हात वर गेले. या वेळी अगदी वरपर्यंत. खरं काय ते सांगावं असं सीमंतिनीला मनापासून वाटलं. पण टाळ्या इतक्या जोरात सुरू होत्या की सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं, म्हणून तिनं हसून हात जोडले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला झोप येईल असं वाटत होतं.

"सत्कार! मुलीचा सत्कार झालाच पाहिजे!" मधुसूदनराव म्हणाले. मंडळात शाल नेहमी तयारच असते. कोणाचा सत्कार कधी करावा लागेल याचा नेम नसतो. महिपतरावांनी ती कपाटातून काढली, घडी मोडली आणि विचारलं, "कोणाच्या हस्ते?"

सदाशिवराव उठले. मधुसूदनराव उठले. सोनिकानं कोपर मारलं, तसे दिग्विजयसिंहही उठले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळ्या विरत गेल्या. महिपतरावांची मान सवयीनं पडद्याकडे वळली.

"विचारून बघ ना गं तुझ्या त्या प्लगइनला," ते हळूच म्हणाले.

सीमंतिनीनं लॅपटॉप बंद केला, चार पावलं पुढे आली आणि महिपतरावांच्या हातातली शाल स्वतःच घेऊन खांद्यावर टाकली. पहिली टाळी उषाताईंनी वाजवली, पिठाच्या हातांनी.